शाळा सोडण्याचं कारण

मैत्रिणींनो, हल्ली पेपर उघडला की आठवड्यातून एकदा तरी एक फोटो हमखास दिसतो. फेटे बांधलेले पन्नाशीतले वीस-पंचवीस पुरुष, मागे मोठा फ्लेक्स, त्यावर दहावीच्या बॅचचं साल, आणि पुढे खुर्च्यांवर शाल-श्रीफळ घेऊन बसलेले थकलेले सर. खाली बातमी : माजी विद्यार्थ्यांनी शाळेला कपाट भेट दिलं. छानच आहे की! पण फोटोत बायका किती, ते मोजून बघा. असल्याच तर दोन-तीन, कडेला उभ्या.

मुलींच्या शाळेच्या माजी विद्यार्थिनी संघाचं काम करायला लागल्यावर मला याचं कारण कळलं. मुलगा शाळेतून बाहेर पडला तरी त्याचं नाव, आडनाव, गाव, कट्टा सगळं तेच राहतं. त्याला शोधायला पानाच्या टपरीवर विचारलं तरी पुरतं. मुलीचं तसं नसतं. लग्न झालं की आडनाव जातं, गाव जातं, कित्येकींचं तर पहिलं नावसुद्धा जातं. हजेरीतली मुलगी शोधायची म्हणजे आधी तिचा भाऊ शोधायचा, त्याच्याकडून सासरचं नाव घ्यायचं, मग फोन. त्यात भावाबहिणींचं वाटणीवरून वाजलेलं असलं तर तोही रस्ता बंद!

आमची शाळा सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. पाचवी ते दहावी, फक्त मुलींची. संघ रीतसर नोंदलेला आहे, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दरवर्षी हिशेब तपासून द्यावा लागतो. मी गेली तीन वर्षं संघाची चिटणीस. कर्तबगारी म्हणाल तर एवढीच, की मी गावातल्या गावात दिलेली! बाकीच्या परगावी, मी हाताशी, म्हणून वह्या, शिक्के आणि पावतीपुस्तक माझ्या घरी आलं. आज सांगायचंय ते जून २०२४ ते मे २०२५ या एका वर्षाबद्दल. कारण त्या वर्षात आमचा संघ बदलला.

जूनमध्ये शाळा उघडली. दरवर्षीप्रमाणे आम्ही गरजू मुलींना वह्या वाटल्या, फोटो काढला, चहा घेतला. इथपर्यंत सगळं नेहमीसारखं.

जुलै लागला आणि शाळेच्या फाटकाशी बायकांची रांग दिसायला लागली. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज १ जुलै २०२४ पासून भरायचे होते. अधिवासाचा दाखला नसेल तर जुनं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल असं सरकारनं सांगितलं होतं. मग काय! ज्यांनी तीस-चाळीस वर्षांत शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं त्या सगळ्या दाखल्याची दुसरी प्रत मागायला आल्या. ऑफिसात क्लार्क एकच. मुख्याध्यापिका बाईंनी आम्हाला निरोप पाठवला, जरा मदतीला या. आम्ही तिघी-चौघी दुपारची भांडी आवरून रोज दोन तास जाऊन बसायला लागलो. काम सोपं होतं. माहेरचं नाव विचारायचं, साधारण साल विचारायचं, जनरल रजिस्टरात नोंद शोधून क्लार्कच्या पुढ्यात ठेवायची. सही-शिक्का बाईंचा.

जनरल रजिस्टर तुम्ही कधी पाहिलंय का? लांबच लांब, जाड पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं. शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक मुलीची त्यात एक ओळ. नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, आणि शेवटी एक रकाना : ‘शाळा सोडण्याचे कारण’.

दोन-तीन दिवसांतच माझी नजर आधी त्या रकान्याकडे जायला लागली. ‘एस.एस.सी. उत्तीर्ण’ असं असलं की हायसं वाटायचं. पण मधेमधे आठवीतली, नववीतली मुलगी आणि पुढे दोनच अक्षरं, ‘लग्न’. कुठे ‘घरगुती अडचण’, कुठे ‘पालकांची इच्छा’, कुठे ‘सतत गैरहजर’. मुलीच्या लग्नाचं वय कायद्यानं १९७८ मध्येच अठरा केलं होतं. त्यानंतरच्या पानांवरही नववीतल्या मुलीपुढे ‘लग्न’ लिहिलेलं, तेही सुवाच्य अक्षरात. लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या रांगेत एक मावशी होत्या. वय त्रेसष्ट. मंडईत मेथी-कोथिंबीर घेऊन बसतात, आम्ही सगळ्या त्यांच्याकडूनच भाजी घेतो. त्या आमच्या शाळेत होत्या हे कुणालाच माहीत नव्हतं. १९७२ साली त्या सहावीत होत्या. त्या दुष्काळाबद्दल नव्यानं सांगायला नको. मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी अख्खी घरं. दिवाळीनंतर त्यांच्या घरचे सगळे खडी फोडायला गेले, धाकट्या भावाला सांभाळायला या. परत शाळा दिसली ती आत्ता, दाखल्यासाठी. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘सतत गैरहजर’.

मावशींना वाचता येतं. त्यांनी बोट ठेवून ते वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘गैरहजर न्हवते गं बाई. कामावर हजर हुते.’’

मग टेबलावरच्या पावतीपुस्तकाकडे बघून विचारलं, हे कशाचं? मी संघाबद्दल सांगितलं. वर्षाची वर्गणी शंभर रुपये. त्यांनी कनवटीचा बटवा काढून शंभराची नोट पुढे केली. ‘‘मग मलाबी घ्या की तुमच्यात.’’

आणि तिथे घोडं अडलं. संघाच्या घटनेत स्पष्ट लिहिलेलं, ‘या शाळेतून एस.एस.सी. परीक्षा उत्तीर्ण झालेली विद्यार्थिनी सभासद होऊ शकेल.’ नियम जुना, संघ स्थापन करणाऱ्या बायकांनी केलेला. मावशींना मी सांगितलं, नियम आहे, पण मी हा विषय सभेत मांडते. त्यांनी नोट परत बटव्यात ठेवली. ‘‘मांड मग,’’ म्हणाल्या.

पंधरा दिवस आधी नोटीस देऊन ऑगस्टमध्ये विशेष सभा घेतली. विषय एकच, सभासदत्वाचा नियम बदलणं. एरवी आमच्या सभेला पंधरा जणी जमल्या तरी डोक्यावरून पाणी. त्या दिवशी चाळीसच्या वर आल्या आणि चांगली दोन तास जुंपली.

विरोध करणाऱ्या वाईट होत्या असं मुळीच नाही. आमच्या खजिनदार ताई म्हणाल्या, ‘‘आम्ही कंदिलाच्या उजेडात अभ्यास करून मॅट्रिक झालो. घरात बोलणी खाल्ली, पण शाळा सोडली नाही. त्या कष्टाला काही किंमत आहे की नाही? उद्या महिनाभर शाळेत येऊन गेलेलीही माजी विद्यार्थिनी म्हणवून घेईल.’’ ताई १९७५ च्या आधीच्या, जुन्या अकरावीच्या. त्यांच्या वर्गातल्या पस्तीसपैकी अकरावीला नऊच उरल्या होत्या. त्यांचा मुद्दा मलाही खोटा वाटला नाही. दुसरी एक म्हणाली, सभासद वाढल्या की निवडणूक, गटबाजी, राजकारण येईल. हेही आपल्याकडे होतंच.

मग एक निवृत्त बाई उठल्या. इतिहास शिकवायच्या. त्यांनी कर्मवीर भाऊराव पाटलांचं उदाहरण दिलं. रयत शिक्षण संस्था १९१९ साली सुरू झाली. वसतिगृहातल्या मुलांना दोन घास मिळावेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. गावोगावच्या बायकांनी मूठमूठ धान्य बाजूला काढून मुठी फंडात घातलं. ‘‘त्यातल्या किती जणी शाळेत गेल्या होत्या?’’ बाईंनी विचारलं. ‘‘शाळा कुणाची, हे पास-नापासावर ठरवायचं असतं तर त्या शाळा उभ्याच राहिल्या नसत्या.’’

सभा थोडी शांत झाली. तेवढ्यात मागून एक तरुण मुलगी, २०१६ च्या बॅचची, अगदी सहज म्हणाली, ‘‘पण ताई, पास झालेल्यांना शाळा काय देते? शाळा सोडल्याचा दाखलाच ना? त्यांनाही तोच कागद देते. शाळा दोघींना सारखंच मानते, मग आपण कोण वेगळं मानणार?’’

हात वर झाले. एकतीस विरुद्ध अकरा. नियमात ‘उत्तीर्ण झालेली’ जाऊन ‘शिकलेली’ आलं, आणि महिनाभराच्या शंकेवर ‘किमान एक पूर्ण वर्ष’ अशी अट घातली. सभासद अर्जातला ‘उत्तीर्ण वर्ष’ हा रकाना काढून ‘शाळेत केव्हापासून केव्हापर्यंत’ असा केला. ठराव धर्मादाय कार्यालयात पाठवला. खजिनदार ताईंनी विरोधात हात वर केला होता, पण मावशींची पावती त्यांनीच फाडली. तोही मोठेपणाच म्हणायचा.

दारं उघडली तर किती जणी येतील, असं वाटत होतं. दिवाळीपर्यंत अट्ठावन्न आल्या. शिवणकाम करणाऱ्या, शेतात जाणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या, एक नगरसेविका (हो, तीही नववी सोडलेली!), आणि आमच्याच शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणारी एक. ही बाई वयाच्या पंधराव्या वर्षी लग्न होऊन ज्या शाळेतून गेली, त्याच शाळेत सात वर्षं चुलीपुढे उभी होती. तिचं नाव रजिस्टरात आहे हे शिक्षकांनाही ठाऊक नव्हतं. तिनंही कधी सांगितलं नव्हतं. ‘‘लाज वाटायची,’’ म्हणाली.

तिनंच पहिल्यांदा विचारलं, ‘‘आता दहावीला बसता येतं का हो?’’

येतं, मैत्रिणींनो. त्याला फॉर्म नंबर १७ म्हणतात. शाळेत न जाता खाजगीरीत्या दहावीला बसायची ही सोय आपल्या राज्य मंडळाची आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडायचा आणि जवळच्या संपर्क केंद्र शाळेत कागद द्यायचे. सप्टेंबर आमचा त्याच गडबडीत गेला. पाच जणींनी फॉर्म भरले. शुल्क संघानं दिलं, वह्यावाटपातून उरलेल्या पैशांतून. निवृत्त बाईंनी वर्ग घेतला, दुपारी तीन ते पाच. सकाळी पाणी, डबे, रान. संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक. मधले हे दोन तासच काय ते बायकांचे. कुणी नातवाला मांडीवर घेऊन बसायची. बीजगणिताला सगळ्याच घाबरायच्या, पण टक्केवारी आणि व्याज मात्र फळ्यावर मांडायच्या आधी तोंडी सांगायच्या. बचत गटाचे हप्ते फेडणाऱ्या बायका त्या, त्यांना व्याज कोण शिकवणार?

मेळावा आम्ही दिवाळीतच घेतो, भाऊबीजेनंतर. पुरुषांच्या मेळाव्याला कुठलाही रविवार चालतो. बायकांना मात्र माहेरी यायला निमित्त लागतं. २०२४ च्या मेळाव्यात नेहमीची भाषणं आवरती घेऊन हजेरी घेतली, माहेरच्या नावानं. चाळीस वर्षांनी ते नाव मोठ्यानं ऐकून कुणी ‘हजर बाई’ म्हणताना हसल्या, कुणाला बोलवेना. शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि दही असं जेवण. खर्च कमी, गप्पा जास्त.

आता खरी गोष्ट सांगते. दिवाळीची सुट्टी संपली आणि नववीतली एक मुलगी शाळेत आलीच नाही. हुशार, खो-खोत पहिली. आठ दिवस झाले, वर्गशिक्षिका घरी जाऊन आल्या. आई म्हणाली, तापानं आजारी आहे. शेजारणीनं सांगितलं, स्थळ बघून गेलंय.

अशा वेळी काय करायचं असतं? कायदा आहे. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा. १०९८ ला फोन करता येतो. गावात ज्यांना आपण ग्रामसेवक म्हणतो, त्यांच्यावर ही जबाबदारी आहे. हे सगळं आम्हाला माहीत होतं आणि वेळ पडली तर फोन करायचाच, हे ठरलेलं होतं. पण आधी बोलून बघावं म्हणून आम्ही दोघी गेलो. मुलीच्या आईनं चहा दिला आणि सरळ म्हणाली, ‘‘तुमच्या पोरी पुण्याला हॉस्टेलात असतात. आमची तीन किलोमीटर रानातनं चालत येती. उद्या काही बरंवाईट झालं तर तुम्ही येणार का निस्तरायला?’’ आम्हाला पुढे बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी खिचडीवाली बाई एकटी गेली. काय बोलली ते तिनं नंतर थोडक्यात सांगितलं. ‘‘मी तिला कायदा न्हाई सांगितला. माझं सांगितलं. पंधराव्या वर्षी लगीन, सोळाव्याला पोर, ते दगावलं. विसाव्या वर्षी डॉक्टर म्हनला रक्तच न्हाई अंगात. म्हनलं, तुला पोरीची काळजी हाय ना? मला बी माझ्या आईनं काळजीपोटीच दिली हुती.’’ आणि व्यवहाराचंही बोलली. त्या वाटेवरून आमच्या दोन नव्या सभासद रोज सकाळी गावात भाजी घेऊन येतात, संध्याकाळी परततात. मुलगी त्यांच्या सोबतीनं येईल-जाईल.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलगी वर्गात होती. वडील अजून कुरकुरतात, गोष्ट कायमची मिटली असं मी म्हणणार नाही. दहावी होईपर्यंत लक्ष ठेवावं लागणार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे पाचातली एक. हा आकडा मी भाषणात पूर्वीही सांगायचे, टाळ्याही मिळायच्या. पण त्या आईच्या ओट्यावर आकड्याचा उपयोग झाला नाही. तिथे लागली ती आमच्या जुन्या नियमानं बाहेर ठेवलेली बाई.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. दरवर्षी एखाद्या अधिकारी बाईंना बोलावतो. २०२५ ला भाजीवाल्या मावशी बोलल्या. तीन-चार मिनिटंच. आठवी-नववीच्या मुलींना त्यांनी एवढंच सांगितलं, ‘‘घरात काय बी अडचण आली तर आधी बाईंना सांगा. आमच्या येळंला सांगायला कोन न्हवतं.’’ दुसऱ्याच आठवड्यात दोन मुली आपणहून वर्गशिक्षिकांकडे गेल्या. एकीचा बसचा पास संपला होता आणि घरी कुणी नूतनीकरणाला जात नव्हतं. एकीला पाळीच्या दिवसांत शाळेत थांबणं जमत नव्हतं, कारण स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती. इतकी वर्षं आम्ही वह्या वाटत होतो आणि कडीचं कुणी बोललं नव्हतं! चार दारांच्या कड्या, दोन बादल्या, एक झाकणाचा डबा आणि सुताराची मजुरी, सगळं मिळून अडीच हजारांच्या आत झालं.

दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झाली. पाचांपैकी चौघी बसल्या. एकीच्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, ती घराबाहेर पडू शकली नाही. निकाल १३ मे ला लागला. दोघी पास. एकीचं इंग्रजी राहिलं, एकीचं इंग्रजी आणि गणित. खिचडीवाल्या बाईला ५४ टक्के! गुणपत्रिकेवर तिचं माहेरचं नाव आहे, दाखल्यावरचं. तिनं ती लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलीय. इंग्रजी राहिलेली पुरवणी परीक्षेत सुटली. चौथी आणि पाचवी पुढच्या खेपेला बसणार म्हणतात. आणि मावशी? त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ‘‘परीक्षा नगं आता. पावती मिळाली, बास झालं.’’

मे अखेर वार्षिक सभेत खजिनदार ताईंनी हिशेब वाचला. वर्गणी वाढली होती, खर्चही वाढला होता, शिल्लक आदल्या वर्षीपेक्षा कमी. त्या म्हणाल्या, ‘‘शिल्लक कमी दिसतेय, पण या वर्षी पैसा कशाला लागला ते नीट सांगता येतंय.’’ मग त्यांनीच सुचवलं, वह्यावाटपाचा समारंभ छोटा करावा आणि तो पैसा बसच्या पासाला, कड्या-बादल्यांना आणि फॉर्म नंबर १७ ला ठेवावा. ठराव एकमतानं मंजूर!

मैत्रिणींनो, तुमच्या शाळेतही असा संघ असेल, किंवा निदान बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तरी असेलच. त्यात कोण कोण आहे ते एकदा बघा. तुमच्या बाकावर बसणारी, डब्यातली चटणी देणारी, आठवीच्या सहामाहीनंतर न आलेली ती कुठे आहे? तिला शोधायचं तर माहेरच्या नावानं शोधा, तिच्या भावाला विचारा, मंडईत विचारा. आणि तिला पुढे शिकायचं असेल तर जवळच्या हायस्कुलात जाऊन फॉर्म नंबर १७ च्या तारखा विचारा. मंडळ त्या दरवर्षी नव्यानं जाहीर करतं, आणि एकदा गेल्या की वर्ष जातं. थेट दहावी जड वाटत असेल तर राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षाही आहेत. मूळ दाखला मात्र आधीच काढून ठेवायला सांगा. ऐन वेळी धावपळ होते, हे आम्ही अनुभवलंय.

आमच्याकडे पुढच्या वर्षासाठी सात जणींनी आत्तापासूनच नावं दिलीत. त्यांत ती नववीतल्या मुलीची आई आहे. तिची शाळा सहावीत सुटली होती. वर्ग दुपारी तीनलाच भरणार आहे.